ग्रीनलंडला लागलेली विजार आणि बर्फात मुद्दाम अडकवलेलं जहाज

१८८४ सालच्या जूनमध्ये ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर, युलियानेहोब नावाच्या वस्तीजवळ, तरंगत आलेल्या बर्फाच्या लादीवर काही किडूकमिडूक सामान सापडलं. त्यात मेणकापडाची एक विजार होती, तिच्यावर लुई नोरोस हे नाव होतं. टोपीचा एक तुकडा होता, त्यावरही नाव होतं. आणि शिधासामानाची एक यादी होती, खाली सही डी लाँग यांची.

डी लाँग हे 'जॅनेट' या अमेरिकन जहाजाचे कप्तान. ते जहाज १८७९ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात अडकलं आणि १८८१ च्या जूनमध्ये बर्फाच्या दाबाने चिरडून बुडालं. ३३ पैकी २० माणसं त्या मोहिमेत दगावली, डी लाँगही त्यांत होते. आता प्रश्न असा, की सैबेरियाजवळ बुडालेल्या जहाजावरची विजार तीन वर्षांनी ग्रीनलंडला कशी?

घरात पृथ्वीगोल असेल तर तो जरा पुढे ओढा आणि वरून बघा. भिंतीवरच्या नकाशात उत्तर ध्रुव नुसता वरच्या कडेला पसरलेला दिसतो, त्यामुळे आपली समजूत चुकते. वरून पाहिलं की आर्क्टिक महासागर एखाद्या वाटीसारखा दिसतो. एका काठाला सैबेरिया, समोरच्या काठाला ग्रीनलंड, आणि मधोमध ध्रुव. तिथे खाली जमीन नाही, पाणीच आहे, वर बर्फाची साय. म्हणजे ती विजार या काठावरून त्या काठावर आली असेल, तर वाटीच्या मधल्या भागातूनच आली असणार.

नॉर्वेतले हवामानशास्त्रज्ञ प्राध्यापक हेन्रिक मोन यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहून हेच मांडलं. तो लेख वाचणाऱ्यांत २३ वर्षांचा एक तरुण होता, बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी करणारा. नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, ख्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लोजवळचा. शिकला प्राणिशास्त्र. डॉक्टरेट केली ती मज्जासंस्थेवर. मज्जापेशी एकमेकींत वितळून जाळं बनवतात की प्रत्येक पेशी सुटी असते, हा त्या काळचा मोठा वाद होता. पेशी सुट्या असतात असं म्हणणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांत तो होता, आणि पुढे तेच खरं ठरलं. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर आयुष्य काढता आलं असतं.

पण त्याआधीच, १८८२ मध्ये, 'वायकिंग' नावाच्या सील पकडणाऱ्या जहाजावरून तो ग्रीनलंडच्या बाजूला जाऊन आला होता. जहाज काही आठवडे बर्फात अडकलं तेव्हा त्याने एक गोष्ट पाहिली होती: बर्फावर वाहून आलेले लाकडाचे ओंडके. ग्रीनलंडमध्ये ओंडके मिळतील अशी झाडंच नाहीत. तिथले लोक वाहून आलेल्या लाकडावरच होड्या आणि घसरगाड्या बनवत आले होते. ते लाकूड सैबेरियातलं होतं. तिथल्या जंगलांतून ओब, येनिसे, लेना या अवाढव्य नद्या उत्तरेकडे वाहतात आणि झाडं समुद्रात नेऊन सोडतात. विजार एकदाच आली होती, लाकूड शतकानुशतकं येत होतं.

नान्सेनला यातून जे सुचलं ते ऐकायला अगदी साधं आहे. बर्फ आपणहून तिकडे जातोच आहे, तर त्याच्याशी भांडायचं कशाला? जहाज सैबेरियाच्या बाजूने मुद्दाम बर्फात घुसवायचं, गोठू द्यायचं आणि गप्प बसायचं. दोन-तीन, फार तर पाच वर्षांत बर्फच ते ध्रुवाच्या आसपासून पलीकडे नेऊन सोडेल.

तोवर सगळे ध्रुवप्रवासी बर्फाला शत्रू मानत आले होते. त्यामुळे जाणत्यांनी ही योजना ऐकून डोक्याला हात लावला. अमेरिकेच्या ग्रीलींनी, ज्यांच्या स्वतःच्या मोहिमेतली बहुतेक माणसं उपासमारीने गेली होती, या बेताला आत्महत्येचाच प्रकार ठरवलं. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीतही १८९२ मध्ये बुजुर्गांनी माना हलवल्या. तरी नॉर्वेच्या संसदेने २ लाख ८० हजार क्रोनर दिले. त्याचं कारण असं की मधल्या काळात या माणसाने एक पराक्रम करून दाखवला होता.

१८८८ मध्ये नान्सेनने ग्रीनलंडचं पठार आडवं पार केलं होतं, स्कीवरून, पाच सोबती घेऊन. त्यांत ओटो स्वेर्द्रुप हा खलाशी आणि सामुएल बाल्टो, ओले राव्ना हे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या सामी जमातीतले दोघे होते. आधीच्या लोकांनी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही तर मागे फिरायची सोय हवी ना! नान्सेनने उलटं केलं. जवळपास निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरला. मागे फिरण्यात अर्थच नव्हता, कारण मागे काहीच नव्हतं. हे धाडस म्हणून वाखाणायचं की सोबत्यांचेही दोर कापणं म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळे जिवंत पोचले एवढं खरं. पोचेपर्यंत शेवटचं जहाज निघून गेलं होतं, म्हणून हिवाळाभर ते स्थानिक इनुइट लोकांमध्ये राहिले. कयाक वल्हवायला नान्सेन तिथेच शिकला. हे पुढे उपयोगी पडलं.

आता जहाजाकडे वळू. बर्फात अडकलेलं जहाज का चिरडतं? समुद्रावरचा बर्फ एकसंध फरशी नसते. वारा आणि प्रवाह त्याच्या लाद्या एकमेकींवर ढकलत असतात. सरळ, उंच बाजूंचं जहाज त्यांच्या मधे सापडलं की अडकित्त्यातल्या सुपारीसारखी त्याची गत होते. कॉलिन आर्चर या जहाज बांधणाऱ्या कारागिराने मग जहाजाचं बूड गोल केलं आणि बाजू तिरप्या ठेवल्या. चोखून गुळगुळीत झालेली आंब्याची कोय मुठीत दाबून पाहा, सटकन वर निसटते. तेच तत्त्व. दाब आला की जहाजाने वर उचललं जायचं.

हे जहाज म्हणजे 'फ्राम'. नॉर्वेजियन भाषेत अर्थ, पुढे. लांबी ३९ मीटर, रुंदी ११ मीटर, म्हणजे चांगलंच गुबगुबीत. लाकडी भिंतींची जाडी सुमारे पाऊण मीटर. बर्फात सापडून मोडू नयेत म्हणून सुकाणू आणि जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा वर ओढून घेता यायचे. दिव्यांसाठी डेकवर पवनचक्की होती. १८९३ साली, ध्रुवीय रात्रीत, वाऱ्यावर चालणारे विजेचे दिवे! खुल्या समुद्रात मात्र हे गोल बूड भयंकर डोलायचं आणि भल्याभल्यांना उलट्या व्हायच्या.

१३ माणसं घेऊन 'फ्राम' १८९३ च्या जूनमध्ये निघालं आणि सप्टेंबरच्या अखेरीस बर्फात गोठलं. मग सुरू झालं वाट बघणं. सुरुवातीला बर्फ चक्क उलट्या दिशेला जात होता. महिनेच्या महिने जहाज पुढे-मागे, नागमोडी भरकटत राहिलं. बर्फाचा पहिला मोठा दाब आला तेव्हा मात्र लाकूड कण्हलं, करकरलं, आणि जहाज ठरल्याप्रमाणे वर उचललं गेलं. संकट संपलं आणि कंटाळा सुरू झाला. जेवण भरपूर, पुस्तकं भरपूर, काम थोडं.

काम होतं ते मोजमापांचं, आणि माझ्या मते या मोहिमेची खरी कमाई तिथेच आहे. आर्क्टिक महासागर उथळ असेल अशी समजूत होती, म्हणून खोली मोजायची दोरी बेताचीच नेली होती. ती तळाला लागेचना. शेवटी त्यांनी जहाजावरचा एक पोलादी दोर उकलला आणि उणे ४० अंशांच्या थंडीत, बर्फावर उभं राहून, त्याचे पदर पुन्हा विणून हजारो मीटर लांबीची नवी दोरी केली. खोली निघाली साडेतीन हजार मीटरहून जास्त. ध्रुवाभोवती बेटं किंवा मोठी जमीन असेल ही आशा त्या दोरीबरोबर बुडाली. दुसरं म्हणजे वरच्या गोठणाऱ्या पाण्याखाली, सुमारे २०० मीटरच्या पुढे, शून्य अंशापेक्षा गरम पाण्याचा जाड थर मिळाला. ते अटलांटिकचं पाणी. खारट असल्याने जड, म्हणून गरम असूनही खाली गेलेलं.

तिसरी गोष्ट जरा सावकाश समजून घेऊ. नान्सेनच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. कारण त्याला अंदाजाने कळलं होतं: पृथ्वी फिरते, आणि त्यामुळे उत्तर गोलार्धात लांबवर वाहणारी कुठलीही गोष्ट उजवीकडे वळते. पण गणित हवं होतं. ते वाल्फ्रिड एकमन या स्वीडिश तरुणाने केलं. पत्त्यांची गड्डी टेबलावर ठेवा आणि वरच्या पत्त्यावर तळहात घासा. वरचा पत्ता सरकतो, तो खालच्याला थोडा ओढतो, तो त्याच्या खालच्याला. समुद्रातही तसंच होतं, फक्त प्रत्येक थर वरच्या थरापेक्षा थोडा आणखी उजवीकडे वळतो आणि थोडा आणखी मंद होतो. खाली जाताना दिशा गोल जिन्यासारखी फिरत जाते. सगळ्या थरांची बेरीज केली की पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातं.

हे फक्त ध्रुवापुरतं नाही, आपल्या अरबी समुद्रातही हेच चालतं. मान्सूनचा नैऋत्य वारा सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, तेव्हा वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, त्यावर शेवाळ माजतं आणि शेवाळावर मासे जगतात. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात काहीसं तसंच घडतं.

एकमनने नान्सेनचं आणखी एक कोडं सोडवलं. सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ एका ठिकाणी 'फ्राम' इंजिन पूर्ण जोरात असूनही जेमतेम सरकत होतं, जणू खाली कुणी धरून ठेवलंय. खलाशी याला मेलेलं पाणी म्हणत. बाटलीत निम्मं पाणी, निम्मं तेल भरून ती हलकेच तिरकी करा. दोन्हींच्या सीमेवर मोठ्या, संथ लाटा दिसतील. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरात पसरलेलं असलं की जहाजाची सगळी ताकद या आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्ची पडते. वर पाणी शांत आणि जहाज जागच्या जागी.

दीड वर्षात नान्सेनच्या ध्यानात आलं की 'फ्राम' नेमकं ध्रुवावरून जाणार नाही. मग त्याने जहाज स्वेर्द्रुपच्या हवाली केलं आणि १४ मार्च १८९५ ला याल्मार योहान्सेनला घेऊन पायी ध्रुवाकडे निघाला. सोबत २८ कुत्रे, ३ घसरगाड्या, २ कयाक. सरकत्या बर्फावरचं जहाज पुन्हा शोधणं अशक्य होतं, म्हणजे इथेही मागचा दोर कापलेला. एप्रिलमध्ये ते उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटांच्या जवळपास पोचले. तोवर एवढ्या उत्तरेला कुणीच गेलं नव्हतं. पण पुढे बर्फाचे ढिगारेच्या ढिगारे, आणि पायाखालचा बर्फ कधी कधी दक्षिणेला सरकत होता. दिवसभर चालायचं आणि रात्री मोजलं तर अंतर कापलेलंच नाही. ते मागे फिरले.

आणि मग एक फार माणसासारखी चूक झाली. दमून झोपले आणि दोघांचीही घड्याळं चावी न दिल्यामुळे बंद पडली. हे एवढं गंभीर का? पूर्व-पश्चिम जागा वेळेवरून काढतात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना एक अंश. घड्याळ थोडं चुकलं की नकाशावरची तुमची जागाच चुकते. कित्येक महिने आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना खात्रीने माहीत नव्हतं. कुत्रे एकेक करून मारून बाकीच्यांना घालावे लागले. जमीन गाठली ती ऑगस्टमध्ये, फ्रान्झ जोसेफ लँड नावाची बेटं. तोवर हिवाळा दारात होता.

तिथे त्यांनी दगडांची खोपी उभारली. वर वॉलरसची कातडी घातली, आणि आढ्याला टाकला किनाऱ्यावर वाहून आलेला एक ओंडका. ज्या वाहत्या लाकडावरून हा सगळा उद्योग सुचला, त्यानेच शेवटी छप्पर धरलं. खोपी इतकी लहान की नीट उभं राहणं मुश्कील. अस्वलाचं मांस, वॉलरसची चरबी, आणि दिवसाचे वीस-वीस तास झोप. असे आठ महिने काढून दोघांची वजनं वाढली! एकच पिशवी पांघरून झोपणारी ही माणसं तोवर एकमेकांना अहो-जाहो करत होती. नॉर्वेजियनमध्येही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' होतं. १८९५ च्या शेवटच्या रात्री नान्सेनने सुचवलं की आता आपण अरे-तुरेवर यायला हरकत नाही.

वसंतात पुन्हा निघाले. एकदा कयाक बांधलेली दोरी सुटली आणि अन्न, बंदुका, सगळं घेऊन कयाक वाहून जायला लागले. नान्सेनने बर्फगार पाण्यात उडी टाकली. हातपाय बधिर होत असताना कशीबशी कड धरली. १७ जून १८९६ ला त्याला कुत्रा भुंकल्याचा आवाज आला. मग एक माणूस दिसला, स्वच्छ कपड्यांतला इंग्रज: फ्रेडरिक जॅक्सन, तिथेच तळ ठोकून असलेला. याच जॅक्सनने कधीकाळी 'फ्राम'वर जागा मागितली होती आणि नान्सेनने फक्त नॉर्वेजियन हवेत म्हणून नाही म्हटलं होतं. काजळी आणि चरबीने माखलेल्या त्या केसाळ माणसाकडे जॅक्सन बघत राहिला, थोड्या वेळाने त्याला ओळख पटली.

जॅक्सनच्या जहाजाने नान्सेन १३ ऑगस्ट १८९६ ला नॉर्वेला लागला. त्याच दिवशी, शेकडो किलोमीटर दूर, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तरेला 'फ्राम' बर्फातून मोकळं झालं. नान्सेनने म्हटलं होतं त्याच बाजूला. तेराच्या तेरा माणसं सुखरूप घरी आली. ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेनमधल्या त्या वाटेला आज फ्रामची सामुद्रधुनी म्हणतात.

योहान्सेनच्या वाट्याला मात्र फारसं सुख आलं नाही. पुढे तो आमुन्सेनबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेला, तिथे भांडण झालं, आणि १९१३ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्या मोहिमेचं जहाजही 'फ्राम'च होतं. नान्सेनला स्वतःला दक्षिण ध्रुवावर जायचं होतं, पण त्याने जहाज आमुन्सेनला दिलं आणि बेत सोडला. आज ते जहाज ऑस्लोच्या संग्रहालयात उभं आहे.

'फ्राम'चा प्रयोग अलीकडे दोनदा पुन्हा झाला. 'तारा' हे फ्रेंच जहाज २००६ मध्ये असंच बर्फात सोडलं, ते दीड वर्षाच्या आत बाहेर पडलं. 'फ्राम'ला जवळजवळ तीन वर्षं लागली होती. बर्फ पातळ झाला, तुकडे मोकळे झाले, त्यामुळे आता तो जास्त वेगाने वाहतो. २०१९-२० मध्ये जर्मनीचं 'पोलारस्टर्न' याच कल्पनेवर वर्षभर भरकटत राहिलं. आपल्या देशाचं 'हिमाद्री' हे केंद्र स्पिट्सबर्गेनवर २००८ पासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो.

पण जगाच्या मोठ्या भागाने नान्सेनचं नाव ऐकलं ते बर्फामुळे नव्हे. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा त्याने मध्यस्थी केली, मग लंडनला राजदूत झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) १९२० मध्ये त्याच्यावर युद्धकैदी घरी पोचवायचं काम सोपवलं. दोन वर्षांत सुमारे सव्वाचार लाख कैदी आपापल्या देशी गेले. रशियात व्होल्गाकाठी दुष्काळ पडला, राष्ट्रसंघाने पैसे द्यायला नकार दिला, तर हा दारोदार फिरून निधी जमवत राहिला.

मग आला निर्वासितांचा प्रश्न. क्रांतीनंतर परागंदा झालेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व लेनिनच्या सरकारने काढून घेतलं. यात नेमकी अडचण काय? पासपोर्ट म्हणजे नुसती ओळख नसते. तो एक हमी असतो, की हा माणूस आमचा आहे, नको झाला तर आम्ही परत घेऊ. ही हमी नसेल तर कुठलाही देश तुम्हाला आत घेत नाही, कारण मग बाहेर काढता येत नाही. आणि ज्या देशात आहात तिथे कामही मिळत नाही. घर बदलल्यावर पत्त्याच्या पुराव्यासाठी एका कार्यालयात मी तीन खेपा घातल्या होत्या. गंमत अशी की पत्ता बदलायला आधी नव्या पत्त्याचा पुरावा हवा होता. आयुष्यभर प्रत्येक दारात असं झालं तर काय होईल, ती या माणसांची अवस्था.

१९२२ मध्ये जिनिव्हात नान्सेनने सरकारांकडून एक कागद मान्य करून घेतला. निर्वासित ज्या देशात आहे त्याच देशाने तो द्यायचा, बाकीच्यांनी ओळखपत्र म्हणून मानायचा. लोक त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. त्याने नागरिकत्व मिळत नव्हतं, सुरुवातीला परत येण्याची हमीही नव्हती. पण हलता येत होतं. पुढे ५० हून अधिक सरकारांनी तो मानला. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शागाल, नर्तकी आना पावलोवा यांच्याकडे तो होता. त्याच वर्षी नान्सेनला शांततेचं नोबेल मिळालं.

त्याच्या नावावर एक काळी नोंदही आहे. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली, त्यामागे नान्सेनचा पुढाकार होता. दहा लाखांहून जास्त ख्रिश्चन आणि लाखो मुसलमान धर्म पाहून मुळासकट उपटले गेले. कत्तली थांबवायला दुसरा मार्ग नव्हता असं त्याचे समर्थक म्हणतात. असेलही. पण वाहणाऱ्यांना कागद देणारा माणूस इथे स्वतः प्रवाह ठरवत होता, हे मला खटकतं.

१३ मे १९३० ला नान्सेन घराच्या सज्जात बसलेला असताना गेला. अंत्यविधी १७ मे ला झाला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिवशी.

निर्वासितांच्या मदतीसाठी पैसा उभा करायला त्या कागदांवर पाच सुवर्ण फ्रँकचं एक तिकीट चिकटवायची पद्धत सुरू झाली होती. त्यावर नान्सेनचं चित्र होतं. पॅरिसात टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या एखाद्या रशियन माणसाच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या कागदावर ते तिकीट असायचं, कोपरे उचकटलेलं.